आयरिक्स गेलं, लिनक्स आलं: व्हीएफएक्स स्टुडिओंमधल्या स्थलांतराची पार्श्वभूमी

विंडोजवर थ्रीडी शिकून क्लासमधून बाहेर पडलेला मुलगा मुंबईतल्या एखाद्या मोठ्या व्हीएफएक्स (सिनेमातले दृश्य-परिणाम घडवणाऱ्या) स्टुडिओत नोकरीला लागतो, आणि पहिल्याच दिवशी समोर लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा डेस्कटॉप पाहून गोंधळतो. थ्रीडीचं सॉफ्टवेअर माया तेच असतं, चित्रांचे थर एकत्र जोडण्याचं (कंपोझिटिंगचं) न्यूक तेच असतं, पण खालची जमीन वेगळी. लिनक्स फुकट आहे म्हणून स्टुडिओ ते वापरतात, असं त्याला कोणीतरी सांगतं. ते अर्धंच खरं आहे. खरं कारण शोधायला १९९० च्या दशकात जावं लागतं.

त्या काळी सिनेमाचं ग्राफिक्स म्हणजे सिलिकॉन ग्राफिक्स, अर्थात एसजीआय. जिम क्लार्क यांच्या या कंपनीने त्रिमितीय आकृतींचं गणित थेट चिपमध्ये बसवलं होतं. तिच्या यंत्रांवर आयरिक्स नावाची, युनिक्सच्या घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टिम चाले. इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या व्हीएफएक्स स्टुडिओत १९९३ च्या 'ज्युरासिक पार्क'चे डायनासोर याच यंत्रांवर घडले. १९९५ मध्ये एसजीआयने एलियस आणि वेव्हफ्रंट या दोन सॉफ्टवेअर कंपन्या घेतल्या आणि त्यांच्या एकत्र कामातून १९९८ मध्ये माया बाहेर आली. एकेका वर्कस्टेशनला हजारो डॉलर मोजावे लागत, पण पर्याय नव्हता.

पैशापेक्षा मोठी गुंतवणूक मात्र वेगळीच होती. रेंडरची (संगणकाने अंतिम चित्रं काढण्याची) कामं रांगेत लावणं, फ्रेम्सना क्रमांक देणं, शॉट कोणाच्या टेबलावरून कोणाकडे जाणार ते ठरवणं, हे सगळं स्टुडिओतल्या प्रोग्रामरनी लिहिलेल्या शेल स्क्रिप्टवर (ऑपरेटिंग सिस्टिमला द्यायच्या आज्ञांच्या याद्यांवर) आणि सी भाषेतल्या टूल्सवर चाले. वर्षानुवर्षं साचलेला हा कोड युनिक्स गृहीत धरून लिहिलेला होता.

म्हणूनच मायक्रोसॉफ्टच्या विंडोज एनटी या ऑपरेटिंग सिस्टिमचा हल्ला सिनेमात अर्धवटच यशस्वी झाला. मायक्रोसॉफ्टने १९९४ मध्ये सॉफ्टइमेज ही थ्रीडी सॉफ्टवेअरची कंपनीच विकत घेतली आणि १९९६ मध्ये तिचं सॉफ्टवेअर एनटीवर आणलं. त्याच वर्षी थ्रीडी स्टुडिओ मॅक्सही एनटीवर आलं. गेम, जाहिराती, आर्किटेक्चर या क्षेत्रांतले लोक तिकडे वळले, आणि त्यांचं बरोबरच होतं. त्यांच्यामागे जुन्या कोडचं लटांबर नव्हतं. चित्रपटवाल्यांना मात्र ड्राइव्हच्या अक्षरांपासून सुरू होणारे पाथ (फाइलचे पत्ते), उलट्या दिशेची तिरकी रेघ, फाइलच्या नावातल्या कॅपिटल-स्मॉल अक्षरांत भेद न करण्याची सवय अशा शंभर बारीक गोष्टी आडव्या येत होत्या. स्वतः एसजीआयने १९९९ मध्ये एनटीवर चालणारी वर्कस्टेशन्स काढली, तेव्हा आयरिक्सवर विसंबलेल्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं.

कलाटणी मिळाली ती 'टायटॅनिक'च्या वेळी. डिजिटल डोमेन या स्टुडिओने रेंडरिंगसाठी डीईसी कंपनीच्या अल्फा प्रोसेसरची ४३३ मेगाहर्ट्झची १६० यंत्रं घेतली. त्यांपैकी १०५ लिनक्सवर आणि ५५ एनटीवर ठेवली. अल्फा निवडला तो फ्लोटिंग पॉइंट गणितातल्या वेगासाठी, आणि लिनक्स यासाठी की ते युनिक्सच्याच धाटणीचं असल्याने स्टुडिओतल्या बाकीच्या युनिक्स यंत्रांशी ते बिनबोभाट जुळत होतं. घरचा कोड नव्या यंत्रासाठी पुन्हा कंपाइल केला, थोडी डागडुजी केली, की काम सुरू. माझ्या मते सगळ्या स्थलांतराचं गमक इथे आहे: लिनक्सकडे जाताना स्टुडिओंना आपलं जुनं घर जवळजवळ तसंच उचलून नेता आलं.

रेंडर फार्मला, म्हणजे रेंडरिंगच्या यंत्रांच्या ताफ्याला, मॉनिटर लागत नाही. कलाकाराच्या टेबलाला लागतो. म्हणून पुढचा टप्पा ग्राफिक्स कार्डांवर अडला होता. २००० च्या आसपास ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाने लिनक्ससाठी चांगले ड्रायव्हर (कार्ड चालवणारी सॉफ्टवेअर) दिले आणि ती गाठ सुटली. एसजीआयच्याच घरात जन्मलेलं ओपनजीएल हे ग्राफिक्सचं मानक आता स्वस्त पीसीवर धावू लागलं. २००१ मध्ये माया लिनक्सवर आली, आणि त्याच सुमारास इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक, ड्रीमवर्क्स यांच्यासारखे मोठे स्टुडिओ कलाकारांची टेबलंही बदलू लागले.

बदल काही अगदी सुतासारखा सरळ झाला नाही. एसजीआयचा मिप्स प्रोसेसर आणि इंटेलचा प्रोसेसर आकड्यातले बाइट्स उलट क्रमाने मांडतात, त्यामुळे बेसावधपणे लिहिलेली टूल्स जुन्या फाइल्स वाचताना कचरा दाखवत. कलाकारांची डोकेदुखी वेगळी. मायामध्ये ऑल्ट दाबून माउस ओढला की कॅमेरा फिरतो. लिनक्सच्या बऱ्याच डेस्कटॉपवर त्याच कृतीने अख्खी खिडकी सरकते. ती सेटिंग बदलणं हा नव्या यंत्रावरचा पहिला संस्कारच होऊन बसला.

फोटोशॉपचा प्रश्न मात्र सुटला नाही. २००३ मध्ये डिझ्नी आणि आणखी दोन अॅनिमेशन स्टुडिओंनी ते क्रॉसओव्हर या विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवणाऱ्या प्रोग्रामच्या मदतीने लिनक्सवर चालवण्यासाठी पैसे घातले, तरी टेक्श्चरवाल्यांच्या (थ्रीडी आकृतींचे पृष्ठभाग रंगवणाऱ्यांच्या) टेबलाखाली दुसरं यंत्र राहिलंच. मॅककडे जाण्याचा मोहही अधूनमधून होई. अॅपलने २००२ मध्ये शेक हे कंपोझिटिंगचं सॉफ्टवेअर घेतलं, त्याची विंडोज आवृत्ती बंद केली आणि २००९ मध्ये शेकच गुंडाळलं. अशा अनुभवानंतर कोण एकाच कंपनीच्या भरवशावर पाइपलाइन, म्हणजे कामाची सगळी साखळी, बांधेल?

एसजीआयने आयरिक्सची यंत्रं बनवणं २००६ च्या अखेरीस थांबवलं. लिनक्सवरही मग शिस्त लागली: २०१४ पासून 'व्हीएफएक्स रेफरन्स प्लॅटफॉर्म' दरवर्षी कंपायलर, पायथन, क्यूटी अशा प्रोग्रामिंगच्या साधनांच्या कोणत्या आवृत्त्या धरायच्या ते ठरवून देतो. बहुतेकांचं बस्तान सेंटओएस या लिनक्सच्या मोफत वाणावर होतं. डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅट या कंपनीने सेंटओएस ८ वर्षभरात बंद करण्याचं जाहीर केलं आणि पुन्हा शोधाशोध सुरू झाली. रॉकी आणि अल्मा हे लिनक्सचेच दोन वाण वारसदार म्हणून पुढे आले. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ ला संपला, पण चालू चित्रपटाच्या मध्यात सिस्टिम बदलायला कोणताही सुपरवायझर तयार होत नाही. नवी सिस्टिम येते ती नव्या प्रोजेक्टबरोबरच.