दुय्यम लागण दर

घर, वसतिगृह, जहाज अशा मर्यादित गटात पहिला रुग्ण आढळल्यावर त्याच्या संपर्कातल्या शंभरांपैकी किती जणांना रोग लागला, ते सांगणारे माप. आरोग्य खात्यात ‘सेकंडरी अटॅक रेट’ हेच नाव रूढ आहे. अंशात नवे रुग्ण, छेदात संपर्कात आलेले आणि रोग होऊ शकेल असे लोक; पहिला रुग्ण दोन्हींतून वगळतात.

सूत्र सोपे, पण छेद ठरवणे अवघड. 1846 साली फेरो बेटांवर गोवराची साथ आली तेव्हा सुमारे 7,800 रहिवाशांपैकी 6,000 जणांना तो झाला. मात्र 1781 च्या साथीत गोवर येऊन गेलेले 98 वृद्ध हयात होते, त्यांतल्या एकालाही तो पुन्हा झाला नाही, असे डॅनिश वैद्य पीटर लुडविग पानुम यांनी नोंदवले. अशा लोकांना छेदात धरले की दर उगाच खाली येतो.

इंग्लंडमधील डॉक्टर होप-सिम्पसन यांनी घराघरांतल्या नोंदींवरून 1952 मध्ये मांडलेले आकडे आजही अभ्यासले जातात. एकाच घरातल्या, आधी रोग न झालेल्या मुलांमध्ये गोवराचा दर 75.6 टक्के, कांजिण्यांचा 61, गालगुंडाचा 31.1. यातला गालगुंडाचा आकडा जपून वाचावा. हा रोग पुष्कळांना गाल न सुजताच होऊन जातो आणि ते रुग्ण मोजणीतून निसटतात.

मोजणीला काळाचीही चौकट लागते. गोवराचे पुरळ संसर्गानंतर साधारण 14 दिवसांनी उठते. पहिल्या मुलाला पुरळ उठल्याच्या दुसऱ्याच दिवशी भावंडालाही उठले, तर दोघांना तो बाहेरून, बहुधा एकाच ठिकाणाहून, लागलेला असतो. महिन्याभराने आजारी पडलेले तिसरे मूल संसर्गाच्या पुढच्या पिढीतले, म्हणजे दुय्यम रुग्णाकडून लागण झालेले. हे भावंड आणि तिसरे मूल, दोघांनाही दुय्यम रुग्णांत धरत नाहीत.

रुग्ण कोणाला म्हणायचे, यावरही दर हलतो. मार्च 2020 मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात स्कॅगिट परगण्यातल्या एका गायनवृंदाच्या अडीच तासांच्या सरावाला 61 जण आले होते, त्यांतल्या एकाला लक्षणे होती. उरलेल्या 60 पैकी चाचणीने खात्री झालेले 32 रुग्णच मोजले तर कोविडचा दर 53.3 टक्के येतो. संभाव्य 20 रुग्णही धरले तर 86.7.

लसीची परिणामकारकता काढताना लस घेतलेल्या व न घेतलेल्या संपर्कितांचे दर ताडून पाहतात. तिथे दोन्ही गटांना रुग्णाचा सहवास सारखाच घडलेला असावा लागतो, म्हणून एका छताखालची कुटुंबे यासाठी सोयीची पडतात.