एकट्याचा मुक्काम आणि भिंतीवरचा कोळी

आंबोलीला जायचं आहे, पण पावसाळा सरता सरता नको. होमस्टे चालेल, पण बाथरूम खोलीला जोडलेलं हवं. कौलारू घर फोटोत छान दिसतं, राहायला नको. तंबू तर नकोच नको. एकट्याने फिरणाऱ्या आणि कोळ्याला घाबरणाऱ्या माणसाचा बेत असा एकेका अटीने आकसत जातो आणि शेवटी उरते सावंतवाडीतल्या एखाद्या हॉटेलची तिसऱ्या मजल्यावरची, खिडक्या बंद ठेवलेली खोली. यातल्या काही अटी शहाणपणाच्या आहेत. बाकीच्या नुसत्या भीतीला पोसतात.

कोळी नसलेली जागाच शोधायची, तर अंटार्क्टिका हा एकच खंड हाती लागतो. हिमालयात उंच गेलो की सुटलो, हाही हिशेब चुकतो. ‘युओफ्रिस ऑम्निसुपर्स्टेस’ नावाचा उड्या मारणारा चिमुकला कोळी एव्हरेस्टच्या उतारांवर ६,७०० मीटरपर्यंत सापडला आहे. त्याच्या नावाचा अर्थच ‘सगळ्यांच्या वर उभा असलेला’ असा आहे.

घरी भीती वाटते ती कोळ्याची. प्रवासात एकटं असताना तिच्यात आणखी एक गोष्ट मिसळते. घरी ‘अगं, कोळी!’ म्हणून ओरडलं की कोणीतरी केरसुणी घेऊन येतं. मेंदू या ‘कोणीतरी’ची नोंद सुरक्षिततेची खूण म्हणून करतो आणि भीती आवाक्यात राहते. परक्या गावी रात्री अकराला ती खूण नसते. समोर दिसतो कोळी, पण धास्ती असते ती पुढच्या सात तासांची. त्यात घाबरलेला डोळा मापंही चुकवतो. जितकी भीती जास्त तितका कोळी मोठा वाटतो, हे अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात २०१२ मध्ये दिसलं. म्हणून ‘हाताएवढा होता’ या वर्णनातून तळव्याएवढा तरी वजा करावा. छाती धडधडते, घाम फुटतो, पण या भीतीत भोवळ येऊन पडणं विरळा. रक्त पाहून घेरी येते तेव्हा रक्तदाब उतरतो. इथे तो वाढतो.

आता समोरचा प्राणी. कोकणात आणि गोव्यात खोलीच्या भिंतीवर रात्री दिसणारा मोठा, चपटा, तपकिरी कोळी बहुतेक वेळा हंट्समन असतो, ‘हेटेरोपोडा व्हेनेटोरिया’. धड जेमतेम अडीच सेंटिमीटर, पाय पसरले की दहा-बारा. हा जाळं विणत नाही, झुरळं पकडतो. म्हणूनच बाथरूम, स्वयंपाकघर आणि माळा ही त्याची ठाणी. दिवसभर दाराच्या चौकटीमागे, कपाटाच्या फटीत, कौलाखाली तो दडून बसतो. पोटाखाली पांढुरकी चपटी चकती धरलेली दिसली तर ती मादी, आणि चकती म्हणजे तिची अंड्यांची पिशवी. ती धरून ती फार हिंडत नाही. हंट्समन माणसावर चालून येत नाही. डिवचलं तर आडोशाकडे पळतो, आणि तो आडोसा तुमच्या बाजूला असेल तर अंगावर आल्यासारखा वाटतो, इतकंच.

रानातला मामला वेगळा. आंबोली, चोर्ला, मोले, भीमाशंकर इथल्या दाट झाडीत पायवाटेवर आडवं येतं ते जायंट वुड स्पायडरचं जाळं. मादी पिवळ्या-काळ्या रंगाची, धड तीन ते पाच सेंटिमीटर, जाळ्याच्या मध्यभागी डोकं खाली करून बसलेली. उन्हात धागा सोनेरी चमकतो. त्याच जाळ्याच्या कडेला पाच-सहा मिलिमीटरचा नर असतो, तो बहुतेकांना दिसतही नाही. पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून दिवाळीच्या आसपासपर्यंत या माद्या सर्वांत मोठ्या दिसतात, म्हणजे नेमकं ट्रेकिंगच्या ऐन हंगामात. तेव्हा ‘पावसाळा सरता सरता नको’ ही अट बिनबुडाची नाही. पण सबंध हंगाम सोडायची गरज नसते. सकाळी त्या वाटेवर पहिलं जाऊ नये. दोन माणसं पुढे गेली की वाट मोकळी होते. पहिलं जावंच लागलं तर हातभर काठी चेहऱ्यासमोर उभी धरून हळू वरखाली करत चालायचं. मादी खाली पडत नाही, धाग्यावरून बाजूला सरकते.

कपाळावर बांधायचा टॉर्च, म्हणजे हेडलॅम्प, कोळ्याला घाबरणाऱ्याचा वैरी आहे. लांडगा कोळ्याच्या डोळ्यांत परावर्तक पडदा असतो आणि तो प्रकाश आला त्याच दिशेने परत पाठवतो. दिवा डोळ्यांशेजारी असला तर गवतात डझनावारी हिरवट-निळे ठिपके लुकलुकताना दिसतात. तोच टॉर्च हातात, कमरेच्या उंचीवर धरा. ठिपके विझतात, वाट मात्र दिसत राहते.

वाट दिसणं महत्त्वाचं आहे ते सापासाठी. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसं दगावली, असा अंदाज आहे. कोळ्याच्या दंशाचा धोका त्याच्या पासंगालाही पुरत नाही. एक अपवाद ध्यानात ठेवावा. सह्याद्रीत झाडांच्या ढोलीत आणि मातीच्या बिळांत टॅरँटुला राहतात, आणि ढोलीतल्या काही जातींचा दंश झाला तर स्नायूंना वेदनादायक पेटके येतात, ते काही दिवस त्रास देऊ शकतात. ढोलीत, फटीत बोटं घालायची नाहीत. सर्व लक्ष छताकडे लावून पायाखाली न बघणारा माणूस मात्र खऱ्या धोक्यात असतो.

सकाळी उठल्यावर मानेवर किंवा हातावर लाल, जळजळणारा पट्टा दिसतो आणि घरातली मोठी माणसं सांगतात, ‘कोळी मुतला.’ कोळ्याचा याच्याशी संबंध नसतो. बरेचदा कारण असतं पीडरस नावाचा, मुंगीसारखा दिसणारा नारिंगी-काळा लहान भुंगा. पावसाळ्यात तो दिव्याकडे येतो, अंगावर बसतो, आपण त्याला चिरडतो आणि त्याच्या शरीरातलं पीडरिन हे रसायन कातडीवर पसरतं. एक-दोन दिवसांनी फोड उठतात. पट्टा शरीराच्या एकाच बाजूला आणि दुखरा असेल तर नागीणही असू शकते, तेव्हा डॉक्टरकडे जाणंच बरं. भुंगा अंगावर दिसला तर चिरडायचा नाही, फुंकरीने उडवायचा, जागा साबणाने धुवायची. आरोप मात्र पिढ्यान्‌पिढ्या कोळ्यावर.

खोली घेताना ‘कोळी आहेत का?’ असं विचारून काही हाती लागत नाही. उत्तर एकच मिळतं: ‘छे हो!’ त्याऐवजी चार साधे प्रश्न विचारावेत. छत स्लॅबचं आहे की कौलांचं? खाली लाकडी माळा आहे का? बाथरूम आत आहे की अंगणापलीकडे? मच्छरदाणी मिळेल का? व्हरांड्यातला पांढरा ट्यूबलाइट रात्री बंद ठेवता येईल का, हेही विचारावं. पांढऱ्या-निळसर प्रकाशाकडे किडे जास्त येतात आणि किड्यांमागे कोळी. पिवळा, मंद दिवा त्यामानाने बरा. पोहोचायचं ते उजेडी, चारच्या सुमारास. दिवसा फटी, चौकटी, पलंगाची मागची बाजू टॉर्चने एकदाच पाहून घ्यायची. एकदाच, कारण दर तासाला उठून तपासणं ही भीतीची आवडती सवय आहे. मच्छरदाणी अंधार पडायच्या आत गादीखाली खोचायची. बॅग चेन लावून खुंटीला किंवा खुर्चीवर.

कीटकनाशकाचा फवारा हा सर्वांत वाईट उपाय. कोळी लगेच मरत नाही. तडफडत, वेडावाकडा पळत खाली पडतो, आणि घाबरलेल्या माणसाला नेमकं तेच नको असतं. त्यापेक्षा पारदर्शक प्लास्टिकचा डबा सोबत घ्यावा, तोंड किमान १५ सेंटिमीटर रुंद. पाण्याचा ग्लास हंट्समनला पुरत नाही आणि काठाखाली पाय चिरडतो. सोबत डब्यापेक्षा मोठा, ताठ पुठ्ठा. वर्तमानपत्राचा कागद वाकतो. डबा समोरून हळूच, भिंतीला समांतर नेऊन टेकवायचा, मग काठ जेमतेम कागदाएवढा उचलून पुठ्ठा सरकवायचा. हंट्समन गुळगुळीत प्लास्टिकवरही चढतो, म्हणून पुठ्ठा दाबून धरूनच दहा-पंधरा पावलं बाहेर न्यायचं आणि डबा आडवा ठेवून मागे सरायचं. दारातच सोडला तर तो पुन्हा आत येईल.

हीच रीत सिडनीत मात्र वापरायची नाही. तिथल्या काळ्या, तुकतुकीत फनेल-वेब कोळ्याचा दंश खरोखर जीवघेणा असतो. १९८१ मध्ये प्रतिविष आलं, आणि त्यानंतर त्याच्या दंशाने मृत्यूची नोंद नाही. असा कोळी चावला तर सबंध हातापायावर घट्ट बँडेज गुंडाळून अवयव हलू द्यायचा नाही आणि ००० हा क्रमांक लावायचा. लाल पट्ट्याच्या रेडबॅक कोळ्याच्या दंशाला मात्र बँडेज नाही, बर्फाची पिशवी. मुलांकडे ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांनी हा फरक पाठच करावा. बाकी तिकडेही गाडीच्या सनव्हायझरमागून निघणारा हंट्समन चावून करत नाही तेवढं नुकसान चालकाला दचकवून करतो. इंडिकेटर द्या, गाडी कडेला घ्या, दार उघडा.

आता मूळ भीती. ती कमी करण्याची खात्रीशीर पद्धत म्हणजे पायरीपायरीने सामोरं जाणं. स्वीडनमधले मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी १९८९ मध्ये अशा निरनिराळ्या विशिष्ट भीती असलेल्या २० जणांचे निष्कर्ष मांडले. प्रत्येकाची एकच बैठक, सरासरी दोन तासांच्या थोडी वर. ९० टक्के लोकांत ठळक सुधारणा झाली आणि ती सरासरी चार वर्षांनंतरही टिकली होती.

प्रवासाआधी तीन-चार आठवडे घरी सुरुवात करता येते. आधी फोटो, मग व्हिडिओ, मग खिडकीवरचा उडी मारणारा कोळी दोन मीटरवरून, मग एक मीटरवरून. सुरुवातीला हा कोळी सोयीचा. काही मिलिमीटरचा असतो आणि मान वळवून बघितल्यासारखा तुमच्याकडे रोखून बघतो. ठाण्यात सापडलेल्या अशाच एका जातीला २०२१ मध्ये हुतात्मा तुकाराम ओंबळे यांच्यावरून ‘आयसियस तुकारामी’ नाव मिळालं. प्रत्येक पायरीला आधी कागदावर लिहायचं: काय होईल असं वाटतं? ‘अंगावर उडी मारेल’, ‘मी ओरडत पळेन’. मग थांबून बघायचं, काय झालं. भीती टोकाला असताना पळ काढला तर मेंदू शिकतो की पळाल्यामुळे वाचलो. नजर फोनमध्ये खुपसून उभं राहणं हेही पळणंच.

एकट्याने फिरणाऱ्यांचा घोळ बहुधा इथे होतो. सगळा सराव घरच्या हॉलमध्ये, बहीण शेजारी असताना केलेला असतो. जुनी भीती पुसली जात नाही. तिच्यावर नवं शिकणं बसतं, आणि ते शिकलेल्या जागेला चिकटून राहतं. जागा बदलली, माणूस बदलला की जुनी भीती उसळते. मग ‘एवढं करून काही उपयोग नाही’ असं वाटून पुढचा बेत रद्द होतो. म्हणून सराव वेगवेगळ्या खोल्यांत, गच्चीत, बागेत, वेगवेगळ्या कोळ्यांवर करायचा आणि शेवटचे तीन-चार तरी संपूर्ण एकट्याने, रात्री. पहिला मुक्काम एकाच रात्रीचा ठेवावा. कोळ्याच्या विचाराने झोप, नोकरी, नाती अडायला लागली असतील तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो.

आणि सर्वांत अवघड प्रसंग: कोळी दिसला, डबा आणेपर्यंत कपाटामागे गेला. शोधत बसू नये. बाथरूमचं दार लावून खालच्या फटीत टॉवेल, मच्छरदाणी खोचलेली, दिवा बंद. तो रात्रभर झुरळांमागे असतो आणि उजाडायच्या आत फटीत परततो. सकाळी बूट आणि टॉवेल झटकायचे, बॅग उघडी राहिली असेल तर तीही रिकामी करून.