उन्हात उभी सायकल आणि फुटलेली ट्यूब

मे महिना आला की पंक्चरवाल्यापासून ऑफिसातल्या शेजाऱ्यापर्यंत सगळे बजावतात: उन्हाळ्यात सायकलीत हवा कमी ठेवा, नाहीतर तापून ट्यूब फुटेल. ज्यांची सायकल सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा उघड्यावर उभी असते, त्यांना हे पटतंही. पण एकदा हिशोब करून बघा.

सकाळी 27 अंश तापमानात 50 पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) हवा भरली. बंदिस्त हवेचा दाब केल्विनमधल्या तापमानाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून 273 मिळवायचे: 300 केल्विन. अकोल्याच्या दुपारी काळा टायर तापून 60 अंशांवर गेला, तर 333. वाढ 11 टक्के. गेजच्या, म्हणजे दाब मोजायच्या साधनाच्या, आकड्यात बाहेरच्या हवेच्या दाबाचे 14.7 पीएसआय धरलेले नसतात. ते मिळवले की 64.7 होतात, 11 टक्के वाढून 71.8, आणि पुन्हा 14.7 वजा केले की 57. टायरच्या कडेला कमाल 65 छापलेलं असेल, तर अजून आपण मर्यादेच्या आतच आहोत. नायट्रोजन भरला तरी हाच आकडा येतो. साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो. पंपावर त्याचे वेगळे पैसे मोजायचे कशाला?

मग ‘फट्ट’ होतं ते कशामुळे?

ट्यूबचं काम फक्त हवा अडवायचं. दाब पेलतात टायरच्या आतले धागे. ट्यूब बाहेर काढून पंप मारा, थोड्याशा हवेतच ती मांडीएवढी फुगते. गोल नळीच्या भिंतीवरचा ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या. 35 मिमी रुंद टायरमध्ये 50 पीएसआयला हा ताण दर सेंटिमीटरला सुमारे 6 किलो वजनाएवढा होतो. एक मिमीच्या आतबाहेरचं रबर तो एकट्यानं पेलणं शक्य नाही. टायरला कुठे फट मिळाली की ट्यूबचा फुगा तिथून डोकावतो. फुगा वाढला की त्रिज्या वाढते, त्रिज्येबरोबर ताण वाढतो, तिकडे रबर पातळ होत जातं, आणि पातळ झालेलं रबर आणखी फुगतं. हे चक्र एकदा सुरू झालं की थांबत नाही. टायर धड असेल तर भोकातून हवा फुसकन जाते, स्फोट होत नाही. म्हणून मोठा आवाज झाला की आधी टायर आणि रिम तपासायचे. ऊन हे निमित्त. जास्तीचे सात पीएसआय आणि गरमीनं मऊ झालेलं पंक्चरचं सोल्युशन, एवढा धक्का आधीच्या चुकीला पुरतो.

ती चूक बहुतेकदा टायर बसवताना होते. टायरची कड आणि रिम यांच्यामध्ये ट्यूब चिमटते. ट्यूब आत घालण्याआधी तिला गोल आकार येईल एवढीच हवा भरा. टायरची शेवटची कड व्हॉल्व्हपाशी आणून अंगठ्यांनी चढवा, स्क्रूड्रायव्हरनं नको. मग व्हॉल्व्ह आत ढकलून परत ओढा आणि दोन्ही बाजूंनी टायर दाबत पूर्ण फेरी मारून ट्यूब कुठे दिसते का बघा. 15-20 पीएसआय भरून थांबा. टायरवर रिमला लागून एक बारीक उठावाची रेघ असते, ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर हवी. कुठे आत गेली किंवा बाहेर आली, तर हवा सोडून पुन्हा बसवा.

हवा कमी ठेवण्याचा तोटा मात्र रोजचा. खड्ड्याच्या कडेवर चाक आपटलं की टायर पूर्ण दबतो, ट्यूब रिमच्या दोन कडांत सापडते आणि साप चावल्यासारखी शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. मागच्या चाकावर साधारण 60 टक्के वजन येतं. कॅरियरवर लॅपटॉपची बॅग असेल तर आणखी जास्त. म्हणून मागे पुढच्यापेक्षा पाच-दहा पीएसआय जास्त ठेवा आणि आठवड्यातून एकदा गेज लावा, अंगठ्यानं दाबून 35 आणि 50 मधला फरक नीट कळत नाही. जुन्या काळ्या सायकलींच्या व्हॉल्व्हमध्ये वॉलट्यूब, म्हणजे बारीक रबरी नळी असते, त्यावर साधा गेज चालत नाही, तिथे मोटरसायकलसारख्या व्हॉल्व्हची ट्यूब टाकून घेतलेली बरी.

फुटलेली ट्यूब लगेच फेकू नका. व्हॉल्व्ह जुळवून ती टायरवर धरा. टायरच्या कडेलगत लांब चीर असेल तर ट्यूब चिमटली होती. भोक रिमच्या बाजूला असेल तर रिमवरची पट्टी सरकून तारांची टोकं उघडी पडली आहेत. भोक बाहेरच्या अंगाला असेल, तर टायरच्या आतून कापड फिरवा. काच किंवा बाभळीचा काटा अजून तिथेच रुतलेला असतो.