रात्रीचं कोरडं अंथरूण आणि पिल्लाची मूत्रपिंडं

दोन महिन्यांचं पिल्लू घरात आलं की आठवड्याभरात कोणी ना कोणी सांगतंच, ‘रात्री शू केली की तिथेच नाक घासा. दोनदा घासलंत की तिसऱ्यांदा करणार नाही.’ आमच्या घरी पिल्लू आलं तेव्हा हा सल्ला मला तीन वेगवेगळ्या माणसांनी दिला आणि तिघांनीही शेवटी तेच जोडलं, ‘त्याला कळतं हो सगळं, चेहरा बघा कसा करतं ते.’ या सल्ल्याचा मला मनापासून राग येतो. पिल्लाचे हाल होतात हे तर आहेच. शिवाय ज्या गोष्टीसाठी त्याला शिक्षा होते, ती त्या वयात बरीचशी त्याच्या हातातच नसते.

आधी त्या ‘अपराधी’ चेहऱ्याविषयी. कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली एक साधा, सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. मालक कुत्र्यासमोर खाऊ ठेवून ‘खायचा नाही’ असं बजावे आणि खोलीबाहेर जाई. मागे खरोखर काय घडलं ते एक आणि परतलेल्या मालकाला सांगितलं जाई ते कधीकधी भलतंच. त्यात दिसलं असं की खाली घातलेली मान आणि चोरटी नजर यांचा संबंध खाऊ खाण्याशी नव्हताच, मालकाच्या रागावण्याशी होता. काहीही न खाल्लेली कुत्रीसुद्धा ओरडा बसला की तोच चेहरा करत, उलट जास्तच करत. सकाळी ओलं अंथरूण पाहून आपण ओरडतो तेव्हा पिल्लू आपल्या आवाजाला घाबरतं. काही तासांपूर्वीच्या शूशी तो आवाज जोडणं त्याला शक्य नसतं, कारण कृती आणि परिणाम यांची सांगड बसायची तर मध्ये काही सेकंदांचंच अंतर चालतं.

आता पिल्लाच्या शरीराकडे वळू. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला स्वतःहून शूच करता येत नाही. आई त्याच्या पोटाखालचा भाग चाटते, त्या स्पर्शाचा संदेश मेरुरज्जूच्या खालच्या टोकाला पोचतो आणि तिथूनच मूत्राशय आकुंचन पावण्याचा हुकूम सुटतो. ही निव्वळ प्रतिक्षिप्त क्रिया आहे, मेंदूला त्यात विचारलंच जात नाही. बाहेर आलेली लघवी आई चाटून टाकते. त्यामुळे झोपायची जागा कोरडी राहते आणि दुधातून गेलेलं थोडं पाणीही तिला परत मिळतं. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून हा कारभार हळूहळू मेंदूकडे जाऊ लागतो. मेंदूच्या देठात, पॉन्स नावाच्या भागात, लघवीचं नियंत्रण करणारं एक लहानसं केंद्र असतं. फ्रेडरिक बॅरिंग्टन यांनी १९२५ साली मांजरांवरच्या प्रयोगांतून ते दाखवलं आणि आजही ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. मूत्राशय कितपत भरलं याची वर्दी आता या केंद्रापर्यंत जाते आणि ‘थांब’ किंवा ‘सोड’ हे तिथून ठरतं. याच सुमारास पिल्लू धडपडत झोपायच्या जागेपासून दूर जाऊन शू करू लागतं, कोणीही न शिकवता.

पण दरवाजा मेंदूच्या ताब्यात आला म्हणून रात्र कोरडी जात नाही. टाकीत पाणी किती वेगाने येतंय हा वेगळाच प्रश्न आहे आणि या विषयातला माझा सगळ्यात आवडता भाग तोच आहे.

दहा किलोचं निरोगी, वाढ पूर्ण झालेलं कुत्रं घ्या. त्याची मूत्रपिंडं दिवसभरात रक्तातून सुमारे ५० लिटर द्रव गाळतात. बाहेर पडणारी लघवी असते साधारण २०० ते ४०० मिलिलिटर. म्हणजे गाळलेल्यातलं ९९ टक्क्यांहून जास्त पाणी रक्तात परत जातं. गाळलेला द्रव मूत्रपिंडातल्याच बारीक मूत्रनलिकांतून पुढे जातो आणि त्यातलं बहुतेक पाणी मूत्रनलिकेच्या सुरुवातीच्या भागांतच परत शोषलं जातं. सगळ्यात शेवटी येते संग्राहक नलिका. तिथवर पोचलेलं थोडं पाणी ठेवायचं की सोडायचं, हे मात्र शरीर क्षणोक्षणी नव्याने ठरवतं.

कसं ठरवतं? रक्त जरासं घट्ट झालं, अगदी एक-दोन टक्क्यांनी, तरी मेंदूतल्या हायपोथॅलॅमसच्या पेशींना ते जाणवतं. मग पिट्युटरी ग्रंथीच्या मागच्या भागातून व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक रक्तात सुटतं. हा अवघ्या नऊ अमिनो आम्लांचा रेणू. तो संग्राहक नलिकेच्या पेशीला रक्ताच्या बाजूने चिकटतो. पेशीच्या आत निरोप फिरतो आणि आतल्या सूक्ष्म पिशव्या नलिकेच्या बाजूच्या पटलाकडे सरकून त्यात मिसळून जातात. या पिशव्यांच्या भिंतीत ॲक्वापोरिन नावाची प्रथिनं आधीपासून बसवलेली असतात. पिशवी पटलात मिसळली की पटलाला पाण्याच्या वाटा मिळतात. नवी प्रथिनं घडवत बसायचं नसल्यामुळे हे सगळं काही मिनिटांत होतं. संप्रेरक ओसरलं की पेशी ते पटल आत ओढून घेते आणि वाटा बंद होतात.

या घराण्यातलं पहिलं प्रथिन पीटर ॲग्रे यांनी रक्तातल्या तांबड्या पेशींच्या अभ्यासातून शोधलं. १९९२ साली त्यांनी ते पाण्याची वाट असल्याचं सिद्ध केलं आणि २००३ साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच्या एका वाटेतून सेकंदाला सुमारे ३ अब्ज पाण्याचे रेणू जातात, तेही एकामागोमाग एक, एका रांगेत. गंमत म्हणजे पाण्याहून कितीतरी लहान असलेला प्रोटॉन मात्र तिथून जाऊ शकत नाही.

वाटा उघडल्या तरी पाणी पलीकडे का जावं? शाळेत शिकलेलं परासरण इथे कामाला येतं. पाणी पातळ बाजूकडून घट्ट बाजूकडे जातं, म्हणून नलिकेच्या बाहेरची जागा फार खारट असावी लागते. हा खारटपणा तयार करतो हेन्लेचा पाश. मूत्रनलिका मूत्रपिंडाच्या गाभ्यात खोल उतरते आणि वळसा घेऊन परत वर येते. चढणाऱ्या बाजूतून मीठ बाहेर ढकललं जातं, पण पाण्याला तिथून बाहेर पडता येत नाही. उतरणाऱ्या बाजूतून पाणी निघून जातं, त्यामुळे आत उरलेला द्रव खाली जाता जाता अधिक खारट होतो आणि हाच द्रव पुढे चढणाऱ्या बाजूला आणखी मीठ पुरवतो. दर पायरीवरचा छोटा फरक असा साठत जातो आणि गाभ्याच्या तळाशी प्रचंड होतो. पाश जितका लांब, तितका तळ खारट. या खारटपणात मिठाच्या जोडीला मोठा वाटा असतो युरियाचा. माणूस आपली लघवी रक्ताच्या साधारण चौपट घट्ट करू शकतो. मोठं कुत्रं जवळजवळ आठपट.

आता पिल्लाची अडचण बघा. जन्मानंतर सुमारे दोन आठवडे त्याच्या मूत्रपिंडात नव्या गाळण्या अजून तयारच होत असतात. पाश आखूड असतात. व्हॅसोप्रेसिनला पेशींचा प्रतिसाद मंद असतो. आणि युरिया तर कमीच, कारण अन्नातली प्रथिनं जाळण्याऐवजी पिल्लू त्यांचे स्नायू आणि अवयव बांधत असतं. वाटा उघडल्या तरी पलीकडे ओढ कमी, म्हणून लघवी पातळ. पुढच्या काही आठवड्यांत ही क्षमता वाढत जाते.

एक ढोबळ हिशोब करू. मोठ्या कुत्र्याची लघवी तासाला किलोमागे साधारण १ मिलिलिटर धरा आणि मूत्राशयात किलोमागे १० मिलिलिटर आरामात मावते असं धरा. आठ तासांत ८ मिलिलिटर जमा, म्हणजे रात्र निभावली. तीन किलोच्या पिल्लाच्या मूत्राशयात याच मापाने ३० मिलिलिटर मावतील. टाकाऊ पदार्थ तेवढेच, पण लघवी निम्मी घट्ट असेल, तर ती होईल दुप्पट, तासाला ६ मिलिलिटर. पाच तासांत मूत्राशय भरलं. अकराला झोपलेलं पिल्लू पहाटे चारला कुईकुई करतं, त्यात आश्चर्य काय? वजनाच्या मानाने पिल्लू खातं-पितंही जास्त, तेव्हा प्रत्यक्षात वेळ याहूनही लवकर येऊ शकते.

याच हिशोबातून आणखी एका सल्ल्याचा धोका कळतो, तो म्हणजे संध्याकाळपासून पाणीच बंद करणं. जे मूत्रपिंड रात्री पाणी धरून ठेवू शकत नाही, ते पाणी तोडल्यावरही धरून ठेवू शकत नाही. लघवी चालूच राहते आणि पिल्लाच्या शरीरातलं पाणी कमी होतं. झोपण्याच्या तास-दीड तास आधी वाटी उचलणं पुरेसं आहे, दिवसभर मात्र पाणी हवं तेवढं मिळायला हवं. शेवटचं जेवण तीनेक तास आधी द्यावं.

बाकी रीत सोपी आहे. पिल्लू रडायच्या आधीचा गजर लावा, उचलून नेहमीच्या जागी न्या, मोठे दिवे नकोत, खेळ नको. शू संपल्याबरोबर, तिथेच, हलक्या आवाजात शाबासकी द्या. घरात आल्यावर दिलेला खाऊ घरात येण्याचं बक्षीस ठरतो. काही रात्री कोरड्या गेल्या की गजर पंधरा मिनिटांनी पुढे ढकला. झोपायची जागा पिल्लाला आरामात वळता येईल एवढीच ठेवा, कारण ऐसपैस जागा दिली की ते एका कोपऱ्यात झोपतं आणि दुसऱ्यात शू करतं. चूक झालेली जागा विकरयुक्त क्लीनरने पुसा. अमोनियाचं क्लीनर टाळा, कारण लघवीतल्या युरियापासून जिवाणू अमोनियाच तयार करतात आणि पिल्लाच्या नाकाला ती जागा पुन्हा तशीच वाटू शकते. ‘सात दिवसांत हमखास’ असं सांगून विकल्या जाणाऱ्या युक्त्यांवर पैसे घालवू नका. हेन्लेचा पाश सात दिवसांत लांब होत नाही.

मात्र एक फरक लक्षात ठेवा. पिल्लू दिवसभर थेंबथेंब गळत असेल, वारंवार बसून थोडीथोडीच शू करत असेल, लघवीत रक्त दिसत असेल किंवा आठवडाभर कोरडं राहून अचानक पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं असेल, तर पशुवैद्याकडे न्या. मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो. कधी मूत्रपिंडातून येणारी नळी जन्मतःच मूत्राशयाला न मिळता पुढे भलतीकडे उघडलेली असते आणि मादी पिल्लांत हे जास्त दिसतं.

आमच्या पिल्लाच्या बाबतीत चौथा महिना संपता संपता एका पहाटे गजर वाजला, मी त्याच्याजवळ गेलो, तर ते गाढ झोपलेलं. हात लावला तरी उठेना. अंथरूण चाचपून पाहिलं. कोरडं होतं. मी गजर बंद केला आणि त्याला तसंच झोपू दिलं.