टूस्ट्रिंग बीनमध्ये शिरते तेव्हा

जावा या प्रोग्रामिंग भाषेची पहिली आवृत्ती १९९६ साली आली. तेव्हापासून प्रत्येक ऑब्जेक्टला टूस्ट्रिंग ही, ऑब्जेक्टचं वर्णन मजकुरात देणारी मेथड वारशाने मिळते. ओव्हरराइड केली नाही, म्हणजे आपली वेगळी लिहिली नाही, तर ती क्लासचं नाव, '@' आणि हेक्साडेसिमलमधला हॅशकोड देते. लॉगमध्ये याचा उपयोग शून्य, म्हणून ती स्वतः लिहायची सवय लागली. ऑब्जेक्ट आपणच बनवत होतो, तोवर त्यात धोका नव्हता.

१९९८ मध्ये एंटरप्राइज जावाबीन्स (ईजेबी), म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या 'बीन' नावाच्या ऑब्जेक्टचं तंत्र आलं आणि मालकी बदलली. बीन बनवणं, पूलमध्ये (वापरासाठी तयार साठ्यात) ठेवणं, मोडीत काढणं हे सगळं कंटेनरच्या, म्हणजे बीन चालवणाऱ्या सर्व्हर-सॉफ्टवेअरच्या हाती गेलं. दूरच्या क्लायंटला तर बीन मिळतच नाही, मिळतो स्टब, म्हणजे क्लायंटकडे बीनच्या जागी उभा असलेला ऑब्जेक्ट. त्याच्यावर टूस्ट्रिंग बोलावली की उत्तर स्टबच देतो. कॉल सर्व्हरपर्यंत जात नाही. 'मी लिहिलेली मेथड चालतच नाही' या तक्रारीचं मूळ बहुतेकदा इथेच असतं.

खरी गोम सर्व्हरवर आहे. एंटिटी बीन म्हणजे डेटाबेसमधल्या नोंदीचं रूप असलेली बीन; ती पूलमध्ये पडून असते तेव्हा तिला ओळख नसते. तिच्या टूस्ट्रिंगमध्ये कॉन्टेक्स्टकडून (कंटेनरने बीनला दिलेल्या माहितीच्या ऑब्जेक्टकडून) प्रायमरी की, म्हणजे नोंदीची ओळख मागितली, तर इल्लीगलस्टेटएक्सेप्शन येतं. ते बिझनेस मेथडमधून न पकडता बाहेर पडलं, तर कंटेनर त्याला सिस्टिम एक्सेप्शन मानतो, ट्रान्झॅक्शन रोलबॅक करतो (त्यातले बदल मागे घेतो) आणि बीनचा तो इन्स्टन्स फेकून देतो. लॉगच्या एका ओळीसाठी! ईजेबीच्या २००१ च्या २.० आवृत्तीत कंटेनर सांभाळत असलेल्या फील्डचे गेटर (फील्ड वाचून देणाऱ्या मेथड) अॅब्स्ट्रॅक्ट झाले. त्यांचा कोड कंटेनर बनवतो, त्यामुळे साधी स्ट्रिंग जुळवतानाही डेटाबेसला हात लागू शकतो.

यातून निघालेला उपाय मला अजूनही पटतो: ईजेबीअॅक्टिव्हेट आणि ईजेबीपोस्टक्रिएटमध्ये (बीनला ओळख मिळाल्यावर कंटेनर बोलावतो त्या मेथडमध्ये) की एका साध्या फील्डमध्ये ठेवायची, ईजेबीपॅसिव्हेटमध्ये (बीन पूलमध्ये परत जाताना बोलावतो त्या मेथडमध्ये) पुसायची, आणि टूस्ट्रिंगने तेवढंच फील्ड वाचायचं. ते रिकामं असेल, तर 'ओळख नाही' असं छापायचं.

२००६ मध्ये ईजेबी ३.० सोबत जेपीए, म्हणजे जावाचे ऑब्जेक्ट डेटाबेसमध्ये साठवण्याचं प्रमाण आलं, एंटिटी साधे क्लास झाले आणि वाटलं की प्रश्न मिटला. मिटला नाही. जेपीए राबवणाऱ्या हायबरनेट या लायब्ररीत सेशन (डेटाबेसशी चाललेलं काम) बंद झाल्यावर लेझी, म्हणजे गरज पडेल तेव्हाच डेटाबेसमधून आणल्या जाणाऱ्या नात्याला टूस्ट्रिंगने हात लावला, तर लेझीइनिशियलायझेशनएक्सेप्शन. ऑर्डर आपले आयटम छापते, प्रत्येक आयटम आपली ऑर्डर छापतो, आणि शेवटी स्टॅकओव्हरफ्लोएरर. जावाच्या नेहमीच्या कलेक्शन्सना आपल्यातच आपण असल्याचं तेवढं ओळखता येतं. दोन ऑब्जेक्टमधलं वर्तुळ त्यांनाही दिसत नाही.