तलावाचा ओलाकोरडा काठ

अंबाझरी किंवा गोरेवाड्याच्या जैवविविधता उद्यानात सकाळी फिरायला गेलेला माणूस तलावाजवळ पोहोचला की त्याची नजर साहजिकच पाण्याच्या मध्यभागी जाते. तिथे बदकांचा एखादा थवा तरंगत असतो, पाण्यावर ऊन चमकत असते आणि छायाचित्रही त्याच भागाचे चांगले येते. जीवशास्त्राच्या दृष्टीने मात्र तलावातील सर्वांत गजबजलेला भाग पाहणाऱ्याच्या पायाशी असतो. कोरडी जमीन संपल्यापासून कमरेएवढे पाणी लागेपर्यंतचा तो चिखलाचा, गवताचा, थोडासा वास मारणारा पट्टा ओलांडून आपण पुढे पाहतो, आणि तलावात आज विशेष काही नव्हते असे म्हणून परततो.

नागपुरात तलावांची वाण नाही. अंबाझरी, गोरेवाडा, फुटाळा, सोनेगाव, सक्करदरा आणि शुक्रवारी तलाव म्हणून ओळखला जाणारा गांधीसागर ही नावे प्रत्येक नागपूरकराला पाठ असतात. यांतील कित्येक भोसलेकालीन आहेत आणि जवळजवळ सगळेच ओढ्यानाल्यांना बांध घालून तयार केलेले आहेत. नाग नदी लाव्याच्या टेकड्यांकडून येऊन अंबाझरीत शिरते, तर पिवळी नदी गोरेवाड्यातून पुढे निघते. बांध घालून अडवलेल्या तलावाला नेहमी दोन वेगळ्या प्रकृतीचे काठ असतात. बांधाच्या बाजूला पाणी एकदम खोल आणि काठ दगडी असतो. ज्या बाजूने नाला आत येतो ती बाजू उथळ, गाळाची आणि हळूहळू उतरत जाणारी असते. फिरायचा रस्ता आणि बसायचे बाक बहुधा बांधाकडे असतात, तर पाहण्यासारखे जवळपास सगळे दुसऱ्या बाजूला असते.

या फरकाचे मूळ प्रकाशात आहे. पाण्याखालील वनस्पतींना अन्न तयार करण्यासाठी सूर्यप्रकाश लागतो आणि तो पाण्यात शिरताना झपाट्याने क्षीण होतो. नागपूरच्या पश्चिमेकडील जमीन बेसाल्टच्या खडकापासून बनलेली काळी माती आहे. तिच्यातील चिकणमातीचे कण इतके बारीक असतात की पावसाळ्यात वाहून आल्यावर ते दिवसेंदिवस पाण्यात तरंगत राहतात, आणि अशा गढूळ पाण्यात तळापर्यंत पुरेसा प्रकाश पोहोचणे केवळ काठालगत शक्य होते. त्यामुळे हायड्रिलासारख्या बुडालेल्या वनस्पती, त्यांच्या अलीकडे पाने पसरून असलेली कमळे, आणि त्याहून अलीकडे पाण्यातून डोके वर काढणारे पाणकणीस व लव्हाळे असे पट्टे एकामागून एक काठाशी समांतर लागतात. या वनस्पतींच्या देठांवर शेवाळाचा निसरडा थर चढतो. गोगलगायी आणि कीटकांच्या अळ्या तो खरवडून खातात, त्यांना लहान मासे खातात आणि माशांवर बगळे टपून असतात.

नागपूरला वर्षभरात साधारण हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. सप्टेंबरअखेर काठोकाठ भरलेला तलाव त्यानंतर आठ महिने ओसरत राहतो. मे महिन्यात, जेव्हा पारा 45 अंशांच्या वर जातो, तेव्हा निव्वळ बाष्पीभवनाने उघड्या पाण्याची पातळी दिवसाला सेंटिमीटरच्या आसपास खाली जाऊ शकते. येथे काठाचा उतार निर्णायक ठरतो. उतार दहास एक असेल, म्हणजे दहा मीटर आडवे गेल्यावर एक मीटर खोली लागत असेल, तर पातळी एक मीटरने उतरताच दहा मीटर रुंदीचा ओला चिखल उघडा पडतो. काठाला उभी भिंत असेल तर तेवढीच पातळी उतरूनही उघडे पडते ते फक्त भिंतीवरचे शेवाळ.

उघड्या पडणाऱ्या या चिखलात किडे, अळ्या आणि लहान शिंपले भरपूर असतात, आणि तो एकदम उघडा न पडता रोज थोडा थोडा पडतो. हिवाळी पाहुण्या पक्ष्यांच्या दृष्टीने ही सोय फार मोलाची आहे. तुतवार आणि टिलवे पाण्याच्या अगदी कडेला, जेमतेम ओल असलेल्या भागात चोच खुपसतात. लांब गुलाबी पायांचा शेकाट्या त्यांच्या पुढे, घोटे बुडतील इतक्या पाण्यात चालतो. तलवार बदक आणि आपल्याकडे बारमाही राहणारे हळदीकुंकू बदक शेपटी वर करून हातभर खोलीपर्यंतचा तळ चाचपतात. टिबुकली मात्र बुडी मारणारी असल्याने आणखी खोलवर जाते. एकाच काठावर इतक्या जाती फारशी भांडणे न करता राहू शकतात, कारण पायांची आणि चोचीची लांबी प्रत्येकीला वेगळी खोली नेमून देते. जिल्ह्यातील मोठ्या, उथळ तलावांवर हिवाळ्यात उतरणारे पट्टकादंब हंसही काठालगतच्या गवतावर चरतात. मध्य आशियातून हिमालय ओलांडून येताना हे हंस 7,000 मीटरहून अधिक उंचीवर उडाल्याच्या नोंदी आहेत. त्यांच्या रक्तातील हिमोग्लोबिन विरळ हवेतूनही प्राणवायू अधिक घट्ट धरून ठेवते.

उन्हाळ्यातील सर्वांत मनोरंजक दृश्य मात्र या पाहुण्यांचे नसून टिटवीचे असते. टिटवी घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर, खडे गोळा केलेल्या उथळ खळग्यात ती ठिपक्याठिपक्यांची मातकट अंडी घालते. इतर पक्ष्यांना अंडी उबवण्यासाठी उष्णता पुरवावी लागते, तर नागपूरच्या मे महिन्यात टिटवीपुढे अंडी शिजू न देण्याचा प्रश्न असतो. त्यासाठी नर किंवा मादी पाण्याच्या कडेला येते, गुडघे वाकवून पोटाची पिसे पाण्यात भिजवते आणि तशीच ओल्या पोटाने अंड्यांवर जाऊन बसते. पिसांतील पाणी अंड्यांना लागते आणि वाफ होताना त्यांची उष्णता घेऊन जाते. भर उन्हात एखादी टिटवी काठाशी येऊन पाणी न पिता नुसती बसते आणि ठरावीक दिशेने परत उडते, असे दिसले तर तिचे घरटे त्या दिशेला आहे असे समजावे आणि तिकडे जाऊ नये. टिटवीने अंडी उंचवट्यावर घातली तर पाऊस चांगला होणार, असे खेड्यापाड्यांत मानले जाते. अंडी घालणाऱ्या पक्ष्याला पुढच्या महिन्यांतील पावसाचा अंदाज कशावरून येत असावा याचे पटण्याजोगे स्पष्टीकरण माझ्या वाचनात नाही, परंतु तिच्या ओरडण्याला अशुभ मानण्यापेक्षा हा समज नक्कीच बरा.

पहाटे लवकर जावे असे पक्षीनिरीक्षक सांगतात, त्यामागे पक्ष्यांच्या दिनक्रमाइतकेच पाण्याचे रसायनशास्त्रही आहे. पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. 20 अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर 30 अंशांच्या पाण्यात सुमारे साडेसात. दिवसा पाणवनस्पती आणि शेवाळ प्राणवायू सोडत असल्याने साठा वाढतो. रात्री प्रकाश नसल्याने तो पुरवठा थांबतो, आणि वनस्पती, मासे, तळाच्या गाळातील जिवाणू असे सर्वजण असलेला साठा वापरत राहतात. म्हणून पाण्यातील प्राणवायू सूर्योदयाच्या जरा आधी सर्वांत कमी असतो. त्या वेळी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडमीट करताना दिसतात, कारण हवेला चिकटून असलेल्या पाण्याच्या पातळ थरात प्राणवायू थोडा अधिक असतो. बगळे आणि ढोकऱ्या नेमक्या त्याच वेळी काठावर हजर असतात.

उन्हाळ्यात यात आणखी एक गुंतागुंत होते. गरम पाणी हलके असते हे आपण शाळेत शिकतो, पण पाण्याची घनता तापमानागणिक सारख्या प्रमाणात बदलत नाही. 4 वरून 5 अंशांवर जाताना ती जितकी घटते, त्याच्या तीसपटीहून अधिक ती 29 वरून 30 अंशांवर जाताना घटते. त्यामुळे आपल्याकडच्या उष्ण तलावात वरच्या आणि खालच्या पाण्यात दोन-तीन अंशांचा फरक पडला तरी दुपारी ते एकमेकांत मिसळत नाही, आणि तळाकडचे पाणी प्राणवायूवाचून राहते. रात्री वरचे पाणी निवून जड झाले की ते खाली बसते आणि तळाचे पाणी वर येते. सांडपाण्यातून आलेल्या नायट्रोजन-फॉस्फरसमुळे शेवाळ माजलेल्या तलावात ही उलथापालथ एखाद्या पहाटे शेकडो माशांचा जीव घेऊ शकते. सकाळी मेलेले मासे तरंगताना दिसले की कोणीतरी विष टाकले असा बोभाटा होतो. कधीकधी तसे झालेलेही असते. पण विषाचा संशय घेण्यापूर्वी पहाटेचा प्राणवायू मोजलेला बरा.

पावसाळ्याच्या आसपास पाणकणसाचे आणि लव्हाळ्याचे देठ जवळून न्याहाळले तर त्यांना पाण्यापासून वीतभर उंचीवर फिकट तपकिरी, पोकळ, पाठीवर चीर पडलेल्या काती चिकटलेल्या आढळतात. त्या चतुरांच्या असतात. चतुराचे उडणारे आयुष्य काही आठवड्यांचे. त्याआधीचा काळ त्याने अळीच्या रूपात पाण्यात घालवलेला असतो. ही अळी पोटाच्या मागच्या टोकातून पाणी आत घेते, तिथेच असलेल्या कल्ल्यांनी श्वास घेते, आणि धोका दिसताच तेच पाणी जोराने मागे फेकून पुढे झेपावते. तिचा खालचा ओठ घडी घालून चेहऱ्याखाली ठेवलेला असतो. डासाची अळी टप्प्यात आली की तो क्षणार्धात उलगडून भक्ष्य पकडून आणतो. पूर्ण वाढ झाली की ती एखाद्या रात्री देठावरून वर चढते, घट्ट पकड घेते, पाठ उकलते आणि आतून बाहेर पडलेला चतुर पंख वाळेपर्यंत तिथेच लटकत राहतो. काठावरची ‘रानटी’ झुडुपे साफ केली की या चढणीच्या जागाही जातात, आणि मग त्याच उद्यानात डासांसाठी धूरफवारणी करण्याची वेळ येते.

ज्या गाळाला आपण नाक मुरडतो त्याच्यातही उन्हाळा काढणारे प्राणी असतात. गोड्या पाण्यातील मोठी गोगलगाय, जिला कल्ला आणि फुप्फुस दोन्ही असतात, ती पाणी आटू लागले की चिखलात उतरते, शंखाचे दार झाकणाने बंद करते आणि पाऊस येईपर्यंत निपचित पडून राहते. तिच्यावर मुख्यतः गुजराण करणारा मुग्धबलाक करकोचा आपल्याकडच्या तलावांवर दिसतो. त्याच्या चोचीचे दोन भाग टोकाला जुळतात, पण मध्ये फट राहते. पिल्लांच्या चोचीत ही फट नसते, ती वयाबरोबर तयार होते. शंख न फोडता त्यातील मांस ओढून काढण्याचे त्याचे कसब पाहायचे असेल तर दुर्बीण हवी आणि बराच धीरही हवा.

तलावाच्या गाळात पुरलेल्या गोगलगायींचा नागपूरशी असलेला संबंध आपल्या सर्व तलावांहून कितीतरी जुना आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थर पसरत असताना, दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात, थिजलेल्या लाव्हाच्या खोलगट भागांत पाणी साचून तलाव तयार झाले आणि पुढच्या लाव्हाने ते गाळासकट झाकले. नागपूरच्या टाकळी भागातील अशा थरांमधून गोड्या पाण्यातील गोगलगायींचे शंख आणि वनस्पतींची फळे व बिया यांचे जीवाश्म मिळाले. ज्यांच्या नावाने येथील हिस्लॉप कॉलेज ओळखले जाते ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी आपले सहकारी हंटर यांच्यासह त्यांचे वर्णन 1855 मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. तेव्हाचे प्राणी कुठे आणि कसे जगत होते हे आज आपल्याला समजते ते काठच्या गाळाने त्यांना जपून ठेवले म्हणून.

तलावाचे सुशोभीकरण म्हणजे काठाला दगडी भिंत, त्यावर फरशी, फरशीवर दिवे आणि पाण्यात कारंजे, अशी एक ठोकळेबाज कल्पना सर्वत्र रूढ झाली आहे. शहराला अशी एखादी चौपाटी हवीच. फुटाळ्यावर संध्याकाळी लोटणारी गर्दी पाहिली की ती गरज खोटी नाही हे पटते. मात्र निसर्ग उद्यान म्हणून राखलेल्या तलावाला हाच साचा लावणे मला सरळसरळ चुकीचे वाटते. बांधाची बाजू पक्की करावी, ते सुरक्षिततेसाठी आवश्यकच आहे. सप्टेंबर 2023 मध्ये काही तासांच्या मुसळधार पावसाने अंबाझरी ओसंडून खालच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरले, तेव्हा बांध आणि सांडवा यांचे महत्त्व सगळ्यांनी अनुभवले. नाला येतो ती उथळ बाजू मात्र तशीच सोडावी. जलपर्णी काढणे ही वेगळी बाब आहे. ही दक्षिण अमेरिकेतून आलेली वनस्पती पृष्ठभाग झाकून टाकते आणि खालच्या पाण्याचा प्रकाश व प्राणवायू दोन्ही तोडते, त्यामुळे ती काढावीच लागते. ती काढणाऱ्या यंत्राने सोबत कमळे आणि पाणकणीसही उपटून नेले, तर कमळाच्या पानांवर अंडी घालणाऱ्या कमळपक्ष्याला जागा उरत नाही. या पक्ष्यात मादी एकाच हंगामात अनेक नरांशी जोडी जमवते, आणि अंडी उबवण्यापासून पिल्ले सांभाळण्यापर्यंतचे काम नर करतो.

काठ पाहायला जाणाऱ्याने चालण्याचा वेग आधी कमी करावा. आपल्याला पाहून पक्षी लगेच उडत नाही. आधी तो खाणे थांबवून मान वर करतो, आणि तेव्हाच आपण थांबलो तर बहुधा पुन्हा खाऊ लागतो. थेट त्याच्या दिशेने जाण्यापेक्षा तिरके, त्याच्याकडे टक लावून न पाहता जावे. सूर्य पाठीशी राहील अशी जागा निवडावी, म्हणजे सकाळी पूर्वेच्या काठावर आणि संध्याकाळी पश्चिमेच्या. नाहीतर सगळे पक्षी काळेच दिसतात. भडक कपडे आणि मोबाईलवरची गाणी घरी ठेवावीत. काठाला बिस्किटे किंवा मुरमुरे टाकू नयेत, कारण न खाल्लेले अन्न कुजताना तोच पहाटेचा प्राणवायू खर्च करते. चिखलात उतरण्याचा मोह मात्र टाळावा. वरून वाळलेला आणि भेगाळलेला दिसणारा काळ्या मातीचा गाळ आतून ओलाच असतो, आणि त्यात घोट्यापर्यंत गेलेला पाय बुटासह बाहेर येईलच असे नाही.