बोंडअळीला बीटीची सवय झालेली नाही

2017च्या दिवाळीनंतर विदर्भ-मराठवाड्यात वरून निरोगी दिसणारी बोंडं फोडली की आत सरकी पोखरणारी गुलाबी अळी निघत होती. बीटी म्हणजे एका जिवाणूचं जनुक घातलेली, अळीला मारणारं प्रथिन स्वतःच तयार करणारी कपाशी. तिच्या बीजी-2 वाणात बोंडअळीविरुद्ध अशी एक सोडून दोन जनुकं आहेत, या भरवशावर पेरलेली कपाशी होती ती. तेव्हापासून कृषी केंद्राच्या बाकापासून बातम्यांपर्यंत एकच वाक्य ऐकू येतं: अळीला बीटीची सवय झाली.

हे वाक्य चुकीचं आहे. सवय एका जिवाला लागते, जशी माणसाला तंबाखूची. बीटीचं बोंड खाणारी साधी अळी सवय लागेपर्यंत जगतच नाही. त्या शेतांत कुठलीही एक अळी बदलली नाही. कोणत्या प्रकारच्या अळ्या किती, हे प्रमाण बदललं. उत्क्रांती म्हणतात ती यालाच.

बीजी-2मधल्या दोन बीटी प्रथिनांपैकी एकाचं उदाहरण घ्या. ते अळीच्या आतड्यात विरघळतं आणि आतड्याच्या भिंतीवरच्या कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं. मग भिंतीला छिद्रं पडतात आणि अळी मरते. पण कॅडहेरिनच्या जनुकात बिघाड असेल तर विषाला चिकटायला जागाच राहत नाही. असे बिघाड, म्हणजे उत्परिवर्तनं, जनुकाची नक्कल होताना आपोआप घडतात. बीटीने ते घडवले नाहीत. भारतातल्या प्रतिकारक्षम अळ्या तपासल्या तेव्हा या जनुकात एक नव्हे, अनेक वेगवेगळे बिघाड सापडले.

आता या एका प्रथिनापुरता हिशेब करू, कारण या विषयातलं मला सगळ्यात आवडणारं ते हेच आहे. प्रत्येक अळीत या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. दोन्ही बिघडलेल्या असतील तरच अळी बीटीवर तगते. एक जरी धड असली तरी मरते. समजा, हजार प्रतींमागे एक बिघडलेली आहे. 10 लाख अळ्यांमध्ये 20 लाख प्रती, म्हणजे बिघडलेल्या 2000. नरमादी सरमिसळ जुळत असतील तर दोन्ही प्रती बिघडलेली अळी 10 लाखांत एकच निघते. उरलेल्या 1998 बिघडलेल्या प्रती प्रत्येकी एका धड प्रतीच्या आडोशाला, वरून अगदी साध्या दिसणाऱ्या अळ्यांमध्ये दडलेल्या असतात. विविधतेचा हा साठा बीटी येण्याआधीपासून होता, आणि बीटी नसतं तर तो कुणाच्या लक्षातही आला नसता.

मग बीटी आलं. सगळीकडे बीटीच असेल तर जगतात फक्त दुहेरी बिघाडाच्या अळ्या. त्यांचे पतंग एकमेकांशीच जुळतात आणि पुढची सगळी पिलावळ प्रतिकारक्षम निघते. पण शेजारी बिगर-बीटी कपाशी असेल तर तिथून साधे पतंग हजारोंनी उडतात. तगलेल्या एखाद्या पतंगाची सोयरीक त्यांच्यातल्याच कुणाशी तरी होते, पिलांना एक धड प्रत मिळते आणि ती बीटीवर मरतात. बीटीच्या 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम बिगर-बीटी बियाणं यायचं ते याचसाठी. बहुतेक ठिकाणी ते पेरलंच गेलं नाही. मी शेतकऱ्याला दोष देत नाही. तीन एकरवाल्याने चार-पाच ओळी अळीसाठी सोडायच्या तर त्यामागचा हा हिशेब त्याला कुणी तरी नीट सांगायला हवा होता.

अमेरिकन बोंडअळी मात्र बीटीपुढे बरीच नमलेली राहिली. कारण तीच हरभऱ्यावरची घाटेअळी. तूर-हरभऱ्यात तिला विनासायास आश्रय मिळतो. गुलाबी अळी जवळपास कपाशीवरच जगते.

अमेरिकेत अॅरिझोनात बिगर-बीटीच्या ओळी राखल्या गेल्या, 2006पासून विमानातून वंध्य केलेले पतंगही सोडले गेले. 2018मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने देशातली कपाशी गुलाबी अळीपासून मुक्त झाल्याचं जाहीर केलं.

त्याच 2018च्या जानेवारीत तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादेत म्हणाले होते की माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलं नाही, डार्विनचा सिद्धान्त चुकीचा आहे. ज्या मराठवाड्यात ते बोलत होते तिथल्या शेतांत, त्याच हंगामात, उत्क्रांती उघड्या डोळ्यांनी दिसत होती. देशभरातल्या वैज्ञानिकांनी निषेध केला, तो योग्यच होता. पण कुणीतरी त्यांना एक कपाशीचं बोंड नेऊन दाखवायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.

फरदड, म्हणजे वेचणीनंतरही तेच पीक राखून घेतलेलं जादा उत्पन्न, घेऊ नका, असं नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था सांगते, त्याचाही संबंध इथेच येतो. पीक फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभं ठेवलं की अळीच्या आणखी पिढ्या निघतात आणि प्रत्येक पिढीत बीटीची चाळणी पुन्हा लागते. डिसेंबरअखेर शेत मोकळं केलं, पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवल्या नाहीत आणि पुढची पेरणी पावसाची वाट पाहून केली, तर लवकर बाहेर पडलेल्या पतंगांना अंडी घालायला पाती-फुलंच सापडत नाहीत. त्यांची वीण तिथेच तुटते, कॅडहेरिन धड असलेल्यांची आणि बिघडलेल्यांचीही.